अपडेटनंतरचा रविवार

शनिवारी संध्याकाळी कॉम्प्युटरनं विचारलं, अपडेट करू का. मी हो म्हटलं. आठवडाभर दुसरं कोणी काही विचारतच नाही, म्हणून कोणी विचारलं की हो म्हणायची सवय लागली आहे. रविवारी सकाळी सुरू करून पाहतो तर आवाज गायब.

आता कोणी म्हणेल, गेला तर गेला, एवढं काय त्यात. पण माझी मुलगी बेंगळुरूला असते आणि रविवारी दहा वाजता ती व्हिडिओ कॉल करते. अकोल्याच्या माझ्या या दोन खोल्यांत माझ्याशी बोलणारा आवाज येतो तो तेवढाच. धामणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होतो. तिथल्या मशिनींच्या धडधडीत उजवा कान केव्हाच गेला. अमरावतीचा डॉक्टर म्हणाला होता, डावा जपा, तोही जायच्याच वाटेवर आहे. फोनवर कोणी बोललं की नुसती खरखर ऐकू यायची, म्हणून कॉम्प्युटरला दोन मोठे स्पीकर जोडून घेतले होते. त्यांतून तिचं बोलणं बऱ्यापैकी कळायचं.

कॉम्प्युटर जुना. त्यात लिनक्स मुलीनंच टाकून दिलं. "बाबा, याच्यात व्हायरस येत नाही," म्हणे. व्हायरस नाही आला, अपडेट आलं.

सातला खुर्ची ओढून बसलो. आधी वायर काढून पुन्हा खोचली. मग सेटिंगमध्ये गेलो, तर त्या शहाण्यानं आवाज स्पीकरऐवजी मॉनिटरकडे वळवून ठेवलेला. माझ्या मॉनिटरला तोंडच नाही, तो काय बोलणार? निवड बदलली, स्पीकर केला, तपासणीचं बटण दाबलं. काही नाही. इंटरनेटवर कोण्या भल्या माणसानं लिहून ठेवलेल्या ओळी काळ्या खिडकीत एकेक अक्षर पाहून टाइप केल्या. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. आवाज शंभरच्या वर नेला. पडद्यावरची हिरवी पट्टी नाचून राहिली होती आणि घर मात्र शांत. "अरे बोल ना बाप्पा," मी त्याला म्हटलं, तर माझाच आवाज मला पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. मग अपडेट करणाऱ्यांच्या नावानं दोन शिव्या हासडल्या आणि चहा मांडला.

घरात दुसरं माणूस असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. "ऐकू येते काय?" एवढंच विचारायचं होतं. बायको गेल्यापासून ते विचारायला कोणी नाही. शेजारचे लग्नाला पातूरला गेलेले. त्या सकाळी एकटेपणाचा मला इतका राग आला की चहा तसाच थंड झाला.

दहाला कॉल आला. मुलगी दिसली, केस ओले, मागे तिचा ओटा. ओठ हलत होते. मी हातानं थांब म्हटलं आणि लिहिलं, "अपडेटनं आवाज गेला. दुरुस्त करून राहिलो. तू लिहून बोल."

तिनं वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या, कानावरचा हेडफोन जरा दूर केला. मग तिचं उत्तर आलं. "बाबा, तुमचे स्पीकर तर चालू हायेत. माझाच आवाज तुमच्याकडून मले परत ऐकू येऊन राहिला. केवढा मोठा ठेवला, कमी करा ना."

मी ते दोनदा वाचलं.

जिनिंगमध्ये इतका गोंगाट असे की कोणती मशीन कशी चालली आहे ते कानानं कळतच नसे. आम्ही फिटर लोक बेअरिंगच्या वरच्या लोखंडावर तळहात ठेवायचो. चालू आहे, बंद आहे, कुठं घासते आहे, सगळं हाताला समजायचं. कामावर नवा माणूस आला की मी पहिली गोष्ट हीच शिकवायचो. आणि त्या दिवशी तीन तास मी वायरी उपसल्या, सेटिंगा उलथ्यापालथ्या केल्या, पण स्पीकरला हात लावला नाही. विसरलो होतो असं नाही. खरं सांगायचं तर मला भेव वाटत होतं.

आता लावला. जाळीवर तळहात टेकवला. मुलगी बोलत होती तोवर जाळी थरथरत होती. ती थांबली की जाळीही थांबायची.

तिनं लिहिलं, "आलं का ऐकू?"

एक हात स्पीकरवरच होता. दुसऱ्या हाताच्या एका बोटानं अक्षरं शोधत मी लिहिलं, "स्पीकर चांगले हायेत. माझा कान गेला, माय. तू बोलत राय. मी हात काढत नाही."