आधी नमस्कार

एल आल्तो शहराच्या वरच्या वस्तीतली विल्मा कोंडोरी दिवसभर शिलाई मशीनवर बसायची. बाविसाव्या वर्षी ती वस्तीच्या समितीवर तरुणांची प्रतिनिधी म्हणून निवडून आली आणि रविवारच्या सभेत तिला बोलायला मोजून तीन मिनिटं मिळू लागली. पण तिथली रीत अशी, की बोलण्याआधी मंचावरच्या प्रत्येकाला नाव आणि पद घेऊन नमस्कार करायचा. मंचावर माणसं सतरा! शेवटच्या नावापर्यंत पोचेतो घंटा वाजायची, टाळ्या पडायच्या आणि अध्यक्ष दॉन फोर्तुनातो कौतुकाने म्हणायचे, "पोरगी काय गोड बोलते!"

वर्षभर हेच चाललं. मग एका रविवारी तिचं डोकंच फिरलं. ती उठली आणि थेट म्हणाली, "शाळेकडच्या पायऱ्यांवर दिवा नाही. परवा सेबेरिनाआजी पडली. दिवा कधी लावताय?"

मंचावरच्या सतराही माना तिच्याकडे वळल्या.

"आणि नमस्कार?" दॉन फोर्तुनातोंनी विचारलं.

"वर्षभर घातलेत, त्यातलेच धरा की!"

झालं. तरुणांच्या उद्धटपणावर सतराच्या सतरा जण बोलले, आणि प्रत्येकाने आधी उरलेल्या सोळा जणांना नाव-पद घेऊन नमस्कार घातला. विल्मा कपाळाला हात लावून ऐकत राहिली. जेवायची वेळ झाली तशी अध्यक्षांनी सभा संपवली.

"अहो, आणि दिव्याचं काय?" ती ओरडली.

दॉन फोर्तुनातोंनी टोपी डोक्यावर चढवली. "वेळ कुठे उरला, पोरी? सगळी सभा तूच तर खाल्लीस!"