वाटेकडे तोंड केलेली माणसं

भात कापून झालं, नाचणी खळ्यात आली, पाखरं दुसऱ्या रानाला गेली, की पाड्यावरचे एक म्हातारे बाबा बुजगावणी उभी करायला घेत. सगळीकडे बुजगावणं पिकासाठी असतं. बाबांची पीक संपल्यावर उभी राहत. त्यातही त्यांची पाठ शेताकडे आणि तोंडं पाड्यावर येणाऱ्या वाटेकडे. डोळखांबच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर मी शिक्षक म्हणून रुजू व्हायला आलो, तेव्हा उन्हानं डोळे दिपलेले होते. मी त्यातल्या एकाला नमस्कार करून शाळा कुठे आहे असं विचारलं. उत्तर मागच्या बांधावरून आलं, "त्याला नका विचारू, मास्तर. तो भट्टीवर गेलाय."

बाबा बांधावर उभे होते. तरुणपणी झाडावरून पडल्यामुळे त्यांचा डावा खांदा खाली उतरलेला, मान त्याच बाजूला कललेली आणि वरचा ओठ ओढला गेल्यामुळे दोन दात कायम उघडे. हसले की जरा भीतीच वाटायची, आणि हसायची हौस तर दांडगी. लांबून बघणाऱ्याला त्या रांगेत बाबा कोणते आणि बुजगावणी कोणती, हे चटकन कळत नसे. पाड्यावर त्यांना मानसंवाला बाबा म्हणत, कारण बुजगावणं हा शब्द ते स्वतः कधी उच्चारत नसत. "आज दोन मानसं उभी केली," असं सांगत.

दिवाळी झाली की तो पाडा रिकामा होतो. घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि शाळा उघडी ठेवणारा मास्तर. जायच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरातलं कुणी तरी बाबांकडे यायचं आणि अंगातला एखादा जुना सदरा, लुगडं, फाटकी बंडी देऊन जायचं. बाबा कारवीच्या काठ्यांची फुली बांधत, पेंढा भरत आणि तो कपडा चढवत. मी एकदा विचारलं, "बाबा, राखायला काही नाही, मग हे कशाला?"

"मानसं राखायला नाय मास्तर, बघायला लागतात," ते म्हणाले. "पाडा येकदम वस पडतो. सकाळी उठून बघितलं नि कोनी उभं असंल तर मंग चूल पेटवायाचं मन होतं."

याला एक नियम होता. कपडा ज्याचा त्यानंच येऊन उतरवायचा. त्यामुळे वैशाखाच्या अखेरीस माणसं परत आली की घरी गाठोडं टाकून आधी बाबांच्या शेतात जायची. बाबा प्रत्येकाला गुळाचा कोरा चहा पाजत आणि भट्टीवर काय झालं, कोणाची लेक कुठे दिली, सगळं खोदून खोदून विचारत. "बाबा, माझं मानूस बारीक झालं हो," असं कुणी पेंढ्याकडे बोट दाखवून म्हणालं की ते दोन दात दाखवून खुशाल हसत. "तूपन बारीकच झालायस!" वर्षभराचं बोलणं ते त्या आठवड्यात बोलून घेत असावेत.

दुसरा नियम आणखी कडक. माझ्यासमोर एक बाई नवऱ्याचा सदरा घेऊन आली होती. नवरा त्याच पावसाळ्यात वारला होता. बाबांनी तिला बसवलं, चहा दिला, पण सदऱ्याला हात लावला नाही. "मेल्याचा कपडा आपून नाय घेत, गो. त्याला येयाचं नसतं. उगा त्याला कशाला ताटकळत ठेवायाचं?"

सगळे कपडे उतरले तरी एक पिवळा सदरा उरायचा. तो बाबांच्या मुलाचा, धर्माचा. आई लहानपणीच गेलेली, तेव्हा बापानंच वाढवलेला. धर्मा बऱ्याच वर्षांपूर्वी कल्याणकडे एका बांधकामावर गेला आणि परत आला नाही. निरोप नाही, फोन नाही. बाबा दर शिमग्याला तो सदरा धुवून, ठिगळ लावून पुन्हा चढवत. पावसाळ्यात स्वतःचं इरलं त्या पेंढ्याच्या डोक्यावर घालत आणि आपण भिजत शेतात काम करत. मी रागावलो की म्हणत, "मी काय, घरात जाऊन वाळतो. त्याला कुठं जाता येतंय?"

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना लाज वाटते. मला तेव्हा भयकथा लिहायचा नाद होता. एकटा मास्तर, संध्याकाळी काम नाही, आणि समोर असा आयता म्हातारा! मी बाबांना जसंच्या तसं उचललं. तो खांदा, ते उघडे दात, ती वाटेकडे बघणारी रांग, अगदी पिवळा सदरासुद्धा. फक्त एक गोष्ट बदलली. कथेतला म्हातारा मेलेल्यांचे कपडे गोळा करतो असं लिहिलं. खरं सांगायचं तर त्याशिवाय कथेला धार येत नव्हती. शेवटच्या ओळीत पिवळ्या सदऱ्यातला मेलेला मुलगा वळून बापाकडे बघतो, असं लिहिल्यावर मी स्वतःवरच खूश झालो होतो.

एका दिवाळी अंकात कथा छापून आली. मी एवढा फुशारलो की अंकाची एक प्रत अंगणवाडीच्या शेवंताताईंना भेट दिली. त्यांनी ती दुपारी बायकांना मोठ्यानं वाचून दाखवली. पाड्यावरच्या माणसाचं नाव पहिल्यांदाच छापून आलंय, अशी त्यांची समजूत. नाव नव्हतं, पण ओळखायला नावाची गरजही नव्हती.

त्या वर्षी बाबांकडे एकही कपडा आला नाही. भांडण नाही, बोलणं नाही. माणसं नुसती खालच्या वाटेनं निघून गेली. जित्या माणसाचा कपडा मेल्यांच्या रांगेत कोण उभा करील? छापलेलं आहे म्हटल्यावर त्यात काही तरी असणारच. बाबांनी काठ्या तोडून, बांधून तयार ठेवल्या होत्या. ते चार दिवस बांधावर बसून राहिले आणि पाचव्या दिवशी शेवंताताईंनी त्यांना काय झालं ते सांगितलं. अंकही वाचून दाखवला.

मी घाबरतच शेतात गेलो. पिवळा सदरा उतरवलेला होता. नुसती कारवीची फुली उभी होती.

"बाबा, ती गोष्ट आहे. खोटी आहे. मी मनानं लिहिलंय," मी म्हणालो.

"माझं तोंड वंगाळ लिवलंत, त्याचं काय नाय. हायेच वंगाळ," बाबा शांतपणे म्हणाले. "पन मेल्याचा कपडा मी कदी घेतला, मास्तर? तुमच्या म्होरं त्या बाईला परत धाडली ना मी?"

ते माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "अकरा वर्सं पाड्यावर कोनी माझा पोरगा मेला म्हनलं नाय. मनात असंल, पन म्हनलं नाय. तुमी लिवलात."

"मग सदरा पुन्हा चढवा ना, बाबा."

"तुमी परत लिवा. पोरगा कामाला गेलाय, येयाचा हाय, असं लिवा. शेवंताला वाचायला लावू, सगळ्यांम्होरं. मंग चढवतो."

मी हो म्हणालो. लगेच लिहायला बसायला हवं होतं. पण संपादकांना विचारलं तर ते हसले आणि नवी भयकथा मागू लागले. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तेवढ्यात माझी बदली मुरबाडकडे झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा बाबांनी माझ्या पिशवीकडे बघून म्हटलं, "येयाचं असंल तर येक सदरा ठिवून जा." मी निळ्या चौकड्यांचा सदरा काढून दिला. त्या वर्षी रांगेत तो एकटाच उभा राहिला.

पुढच्या पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत ते मला भेटले. बैलांच्या बाजारात मान वाकडी करून एकेका माणसाच्या तोंडाकडे बघत फिरत होते. सगळ्या बाजूची माणसं जत्रेला येतात, तर धर्माही येईल, म्हणून दरवर्षी येत. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. "लिवलंत का?" त्यांनी विचारलं. "अर्धं झालंय," मी म्हणालो. एक ओळही झाली नव्हती. "बेस झालं. सावकास लिवा, पन लिवा," असं म्हणून त्यांनी मला खाजा घेऊन दिला. तो मी उभ्याउभ्या खाल्लासुद्धा.

यंदा फाल्गुनात शेवंताताईंचा फोन आला. बाबा गेले होते. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. शेतात माझा चौकड्यांचा सदरा वाटेकडे तोंड करून उभा होता, नुकताच धुतलेला. ताईंनी बाबांच्या पेटीतून पिवळा सदरा आणि त्यावर ठेवलेला तो अंक आणून माझ्या हातात दिला. "सर येतील, लिवून आनतील, म्हनत व्हता. लिवलंत का?"

"नाही," मी म्हणालो.

"बाबांचा एखादा सदरा उभा करायचा का?" मी विचारलं.

"मेल्याचा नाय चालत, सर," त्या म्हणाल्या. "त्यानंच सांगितलंय ना?"

माझा सदरा मी उतरवायला गेलो आणि हात मागे घेतला. माझं माणूस बारीक झालं म्हणायचं ते कोणाला, आणि चहा कोणाकडे प्यायचा? तो अजून तिथेच आहे. पिवळा मात्र मी घेऊन आलो आणि तो समोर ठेवून हे लिहितो आहे. हे छापून आलं की अंक पाड्यावर नेईन, शेवंताताई सगळ्यांसमोर वाचतील आणि मग पिवळा सदरा माझ्या शेजारी चढवू. इरलंही घालू.

धर्मा कुठे आहे, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तो मेला असं फक्त एका माणसानं म्हटलं आणि त्या माणसानं ते मनानं रचलं होतं. बाबांनी मेल्याचा कपडा कधीच घेतला नाही. त्यांच्या रांगेत उभी होती ती सगळी जिवंत माणसं होती. धर्मा कामाला गेला आहे, यायचा आहे.

लिहिलं, बाबा.