बिनमायेची जाळी

पस्तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवल्यामुळे सगळे तिला 'मास्तर' म्हणत. कपडे शिवतो तो मास्तर. शिवणारी बाई निघाली म्हणून शब्द कशाला बदला, असा लोकांचा सोयीचा हिशेब. तिचीही तक्रार नव्हती. "मास्तरीण म्हटलं की मास्तरची बायको वाटते," ती म्हणायची, "आणि आमच्या ह्यांना तर सुईत दोरा ओवता येत नव्हता."

साठीला मशीन थांबलं की लोक गुडघ्यांना लावायला तेल आणतात. मास्तरने शिडाची होडी आणली, तीही जोडहोडी. दोन सडपातळ होड्या शेजारीशेजारी, त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या नळ्या आणि मधल्या जागेत ताणलेली जाड जाळी. बसायचं, सरकायचं, शिडाचे दोर ओढायचे, सगळं त्या जाळीवर. होड्यांच्या क्लबात तिला ट्रॅम्पोलिन म्हणतात. दोन दगडांवर पाय ठेवू नये हे मास्तरला ठाऊक होतं. दोन होड्यांबद्दल कुणी काही सांगून ठेवलं नव्हतं.

आठ वर्षं मजेत गेली. मग एका सकाळी भर किनाऱ्यावर, क्लबच्या सेक्रेटरींच्या डोळ्यांदेखत, मास्तरचा डावा पाय जाळीतून मांडीपर्यंत खाली गेला.

"उन्हानं कुजलीय," सेक्रेटरी तिला हात देत म्हणाले. गोल पोटाचा, नियमांचा पक्का माणूस. "रविवारी तपासणी आहे. नापास होडी इथे ठेवता येत नाही, मास्तर."

"नवी बसवते की."

"या मापाची मिळत नाही आता. बनवणारे केव्हाच दुकान बंद करून बसले."

"मग शिवते."

सेक्रेटरी हसले. "मास्तर, हा फ्रॉक नव्हे!"

फ्रॉक शिवणं म्हणजे काय असतं हे या माणसाला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण रविवारला पाचच दिवस होते.

घरी मुलाने बातमी आधीच ऐकली होती. "आई, बास झालं आता. एक गृहस्थ होडी न्यायला तयार आहेत. बागेत ठेवणार, माती भरून फुलं लावणार."

"माझ्या होडीत?"

"छान दिसेल गं."

"मी गेल्यावर माझ्यावर लाव फुलं. होडीवर नाही."

सून पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात पळाली. तिला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या पलंगावर चढल्या आणि जाड जाळीचं भलंमोठं कापड जमिनीवर पसरलं. मास्तर मशीनवर, सून कापड सरकवायला. तीन सुया मोडल्या. चौथीने मान टाकली नाही. कडा दुमडून दुहेरी टीप मारली, मग दर चार बोटांवर पितळी रिंगा ठोकल्या. घर दोन दिवस लोहाराच्या दुकानासारखं वाजत होतं.

शनिवारी सकाळी जाळी किनाऱ्यावर नेली, रिंगांतून दोर ओवून चौकटीला बांधली. सून कौतुकाने वर बसली आणि कमरेपर्यंत आत गेली.

"आई, पाळणा झाला हो!"

दोर कितीही ओढला तरी जाळी पोटासारखी लोंबतच होती. मास्तरने टेप काढला, मापलं, पुन्हा मापलं. मग कपाळावर हात मारला. चारी बाजूंनी चार-चार बोटं कापड जास्त! पस्तीस वर्षांची खोड. प्रत्येक शिवणीत माया ठेवायची. पोर वाढलं, अंग भरलं, तर उसवून सैल करता यावं.

"पण होडी कुठं वाढणार आहे, आई?" सून जाळीतूनच म्हणाली.

मास्तर हसली, आणि हसताहसता थांबली. ताणून बसायची गोष्ट चौकटीपेक्षा लहानच हवी. उरलेलं अंतर दोराने ओढून घ्यायचं. ही अंगाला सैल बसेल अशी नव्हे, अंग आवळेल अशी शिवायची.

"आण ती कात्री," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा माया तोडतेय. कुणाला सांगू नकोस."

चारी बाजूंनी माया तर गेलीच, वर वितीवितीने कापडही गेलं. घरी मशीनवर कडा पुन्हा, रिंगा पुन्हा. दुपार कलताना दोघी परत होडीपाशी, नळीला पाय टेकवून दोर ओढत होत्या. तळहात लाल झाले, सुनेची एक बांगडी फुटली, दोघींच्या तोंडून किनाऱ्यावर न शोभणारे शब्द निघाले. शेवटची गाठ पडली तेव्हा मास्तरने जाळीवर टिचकी मारली. ठण्ण वाजली.

रविवारी होडी गुडघाभर पाण्यात दोराने बांधून उभी होती. सेक्रेटरी कागद घेऊन आले आणि बुटाच्या टोकाने जाळी दाबू लागले.

"टोकानं काय कळणार?" मास्तर म्हणाली. "बूट काढा, वर या."

ते आले. उभे राहिले, पाऊल आपटलं, शेवटी चक्क एक उडी मारली. पोट हललं, जाळी हलली नाही. निमूटपणे सही झाली.

"पास," ते म्हणाले. "पण मास्तर, तुमचं वय बघता एकटीनं जायचं नाही, हं. मी लिहून ठेवतो."

"एकटी कशी? तुम्ही आहात ना वर!"

तिने सुनेकडे बघून मान हलवली. सुनेने दोर सोडला. शिडात वारा भरला, सेक्रेटरी खाली बसले, खरंतर बसवले गेले. किनाऱ्यावरून मुलगा ओरडत होता, "आई! अगं त्यांना तरी उतरव!"

"पोहता येतं का हो तुम्हाला?" मास्तरने विचारलं.

"थोडंफार."

"मग घट्ट धरा," ती म्हणाली आणि होडी खुल्या पाण्याकडे वळवली.