टिंबांचा उपास

माझी फजिती ऐकायचीच आहे ना? मग चहा ओता, आणि मध्ये हसू नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून येऊन मी बेंगळूरच्या कोरमंगलातल्या एका छोट्या कंपनीत तात्पुरता लागलो होतो. मी आणि शैलजा, दोघांपैकी एकालाच कायम करणार होते. काम काय, तर कॉम्प्युटरमध्ये माणसांसारखा वागणारा समाज वसवायचा. पडद्यावर टिंबं, आणि प्रत्येक टिंब म्हणजे एक एजंट. विमावाला नव्हे हो, आपल्या डोक्याने वागणारा छोटा प्रोग्रॅम. भूक लागली की त्याने शेजाऱ्याकडे जायचं, शेजाऱ्याने भाकरी द्यायची.

आता समाज म्हटला की रीतभात आलीच. जेवायला विचारल्यावर लगेच हो म्हणणारं माणूस आमच्या घरात जन्मलेलं नाही. म्हणून मी टिंबांना शिकवलं, दोनदा "नको नको" म्हणायचं, तिसऱ्या आग्रहाला घ्यायचं. पण मशीन इतकं मठ्ठ की तिसऱ्या आग्रहापर्यंत आमचाच चहा गार व्हायचा. मग पाहुण्यांना दाखवायच्या आदल्या दिवशी मी काय शहाणपणा केला? आग्रह एकावर आणला. नकार मात्र दोनच राहिले.

दुसऱ्या दिवशी आमचे राव सर पाहुण्यांना घेऊन आले. मी बटण दाबलं. टिंबं भेटली, "घ्या", "नको नको", आणि आपापल्या वाटेने गेली. भाकऱ्यांचे ढीग तसेच, आणि टिंबं एकेक करून विझायला लागली.

राव सरांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं, मराठीत कन्नड कालवलेलं. ते म्हणाले, "काय हो, स्वल्प जास्तच मरतायत की. एकादशी आहे का यांची?"

तोंडाला आलं ते ठोकून दिलं, "सर, भुकेपेक्षा भीड मोठी, हेच तर दाखवायचंय."

पाहुणे खूश! एक जण म्हणाला, "माझ्या सासुरवाडीला अस्संच होतं." टाळ्या पडल्या. पुन्हा एकदा सगळ्यांना उपाशी मारून दाखवायची फर्माईश झाली. मी तर हवेतच होतो.

राव सरांनी पाठ थोपटली. "मग, कायमचे राहता का आमच्याकडे?"

अहो, ह्याच प्रश्नासाठी मी देव पाण्यात घालून बसलो होतो. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"छे छे, नको सर, कशाला उगाच..."

"सरी, ठीक आहे," म्हणून सर वळले. "शैलजा, तुम्ही?"

"हो सर," ती म्हणाली.

मी चेहऱ्यावर हसू ठेवून तसाच उभा राहिलो, सर दुसऱ्यांदा विचारतील म्हणून. त्यानंतर मला विचारलं ते थेट बसच्या कंडक्टरने. "पुणे?"

तिथे मात्र मी पहिल्याच फटक्यात हो म्हणालो.