चाचांनी पुरवलेला शेवट

बुकवाल्या चाचांची कुजबूज फक्त नटाला ऐकू जायची. पहिल्या रांगेतल्या माणसाला कधी पत्ता लागला नाही. तळवलीच्या जत्रेतल्या नाटकात ते विंगेत मासळीच्या पालथ्या क्रेटवर बसायचे आणि बुक वाचून शब्द पुरवायचे. म्हणून बुकवाले. मुसलमान माणूस, पण छापखान्यात जन्म गेल्यानं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ.

मी दुसरीत शाळा सोडली. वाचता येत नाही हे गावात कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नव्हतो. माझी सगळी भाषणं चाचांच्या तोंडून ऐकून पाठ केलेली. हे फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कधी कुठं बोलून दाखवलं नाही.

नाटक आमच्याच गावच्या, आता वारलेल्या गुरुजींचं. त्यात खान पाटलाच्या मुलाला ठार मारतो. शेवटी खान पाटलाच्या तलवारीखाली येतो आणि पाटील त्याला सोडतो. वीस वर्षं मी पाटील. बायका रडायच्या. मग मोबाइलवर मुसलमानांविरुद्ध नको ते फिरायला लागलं आणि सलूनमध्ये पोरं विचारायला लागली, "दादूस, खानाला सोडतंस कशाला? घाबरतंस काय?"

माझ्या डोक्यात किडा शिरला. माफीचं भाषण खरंच गुरुजींचं, की चाचांनी आपल्या माणसाला वाचवायला घुसवलेलं? बुक फडक्यात बांधून ठेवतात, कुणाला देत नाहीत, ते का? दुसऱ्याकडून वाचून घ्यावं तर माझंच उघडं पडणार.

तालमीत मी तोंडावर विचारलं, "चाचा, ह्यो शेवट तुमच्या पदरचा तं नाय ना?"

ते हसले नाहीत. "बुकात आहे ते वाचतो, दादूस. पदरचं घालायला मी लेखक आहे काय?"

मला पटलं नाही. जत्रेला तलवार उगारली तेव्हा विंगेतून कुजबूज आली, "ऊठ खाना. तुझ्या आईनं तरी मुलासाठी रडू नये." मी ते बोललोच नाही. "नाय! आज तुला..." एवढं ओरडलो आणि पुढचे शब्दच नाहीत. तलवार वर, मंडप चिडीचूप. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

तेवढ्यात विंगेतून आलं, "माझ्या पोराच्या रक्ताची शपथ, तुला जिता सोडणार नाही."

मी बोललो आणि वार केला. शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतला.

आत येऊन मी ऐटीत म्हटलं, "बघितलंत, पब्लिकला काय पायजे ते?"

"बघितलं. पण हे बुकात नव्हतं. आयुष्यात एवढंच पदरचं घातलं," चाचा म्हणाले. बुक माझ्या हातात दिलं आणि निघाले.

ते बुक महिनाभर कपाटात राहिलं. शेवटी मान खाली घालून नातीला वाचायला सांगितलं. माफीचं भाषण होतं, गुरुजींच्या अक्षरात, कुठं खाडाखोड नाही.

मी कामोठ्याला चाचांच्या मुलाच्या घरी गेलो. चहा आला. "पुढच्या जत्रेला बुक कोण वाचणार, चाचा?" एवढंच मला विचारता आलं.

"डोळे गेले, दादूस. अक्षर लागत नाही."

त्यांच्या मांडीवर त्या दिवसाचा पेपर होता. शब्दकोडं अर्ध्यावर आलेलं, बोटांत पेन तसंच धरलेलं.

चाचा खोटं बोलतायत, हा त्यांच्यावरचा माझा एवढा एकच संशय खरा निघाला. मी "जपा" म्हटलं आणि चपला घातल्या.