मामाच्या दंडावरची पट्टी

माझा मामा पुस्तकबांधणीचं काम करायचा. छापखान्याच्या मागच्या बाजूला त्याची एक लांबट खोली होती. तिथे खळीचं पातेलं, दाभण, दोऱ्याची रिळं आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, एवढाच त्याचा संसार. पण कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर तो बांधणीचं नाव काढायचा नाही. "मी प्रथमोपचार पथकात असतो," असं सांगायचा, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायचा.

कारण पुढचा प्रश्न ठरलेला होता: पथकात म्हणजे नेमकं काय? आणि खरं उत्तर असं होतं की मामा अठरा वर्षं पथकाचा पेशंट होता.

सुरुवातीला तोही इतरांसारखाच शिकायला गेला होता. दर रविवारी सकाळी जुन्या गॅरेजमध्ये वर्ग भरायचा. परीक्षा पास झालं की उजव्या दंडावर एक निळी पट्टी मिळायची, मग दोन, मग तीन. मामा तीनदा परीक्षेला बसला. पहिल्या वेळी त्याने जखमी माणसाला आधी "कसं वाटतंय?" असं विचारलं. जखमी म्हणून झोपलेले गृहस्थ बोलघेवडे निघाले. त्यांनी सुनेपासून सुरुवात केली. मामाने मान डोलवत सगळं ऐकून घेतलं आणि तेवढ्यात वेळ संपली. दुसऱ्या वेळी त्याने हात इतका सुबक बांधला की परीक्षकांनी कौतुकाने बोटं फिरवली. पण ती बांधणी पुस्तकाची होती, सुटेना. शेवटी कात्री आणावी लागली, आणि त्या गृहस्थांच्या शर्टाची बाहीसुद्धा गेली.

तिसऱ्या वेळी पेशंट व्हायला येणारा माणूसच आला नाही. परीक्षा खोळंबू नये म्हणून मामाला म्हणाले, तुम्ही जरा आडवे व्हा. मामा आडवा झाला, डोळे मिटले आणि पाय मोडल्यासारखा असा कण्हला की परीक्षकांच्या हातातला कागद खाली पडला. त्या दिवशी सगळे पास झाले. मामाची परीक्षा घ्यायची राहून गेली, आणि ती नंतर कुणाच्या लक्षातही आली नाही.

तिथून पुढे पेशंट म्हटलं की मामाच. त्याने ते काम अतिशय मनावर घेतलं. पाय मोडला तर कण्हणं नाकातून सुरू व्हायला हवं, भाजलं तर दातांच्या फटीतून श्वास ओढायला हवा, पोटाच्या दुखण्यात मध्येच गप्प बसायला हवं, असे त्याचे सिद्धांत होते. बेशुद्ध पडणं सगळ्यात अवघड, असं तो म्हणायचा, कारण त्यात करण्यासारखं काहीच नसतं. घरी तो दिवाणावर पडून सराव करायचा. मामी समोर मटार सोलत बसायची. ती पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडायचं काम करायची, त्यामुळे तिला आरडाओरड्याचं काही वाटायचं नाही. ती एवढंच म्हणायची, "अहो, आत्ताचं पायाचं होतं की पोटाचं? मला पोटाचं वाटलं." मामा मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

सगळं ठीक होतं, फक्त दंड उघडा होता. मागून आलेली पोरंटोरं दोन-दोन पट्ट्या लावून फिरत होती. मामाने एकदा रीतसर अर्ज दिला, की अठरा वर्षांच्या सेवेबद्दल आपल्यालाही एक पट्टी मिळावी.

अर्ज गेला पथकप्रमुखांकडे. ते शाळेतले निवृत्त कवायत शिक्षक. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळं गाव त्यांना शिट्टीसर म्हणायचं. त्यांच्या दंडावर चार पट्ट्या होत्या. नियमात तीनच होत्या, चौथी त्यांनी स्वतः मंजूर केली होती. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, पट्टी उभं राहून काम करणाऱ्याला मिळते, झोपणाऱ्याला नाही.

मामा सहसा उलटून बोलायचा नाही. त्या दिवशी मात्र म्हणाला, "सर, मी झोपतो म्हणून तुम्हाला उभं राहायला मिळतं."

शिट्टीसरांना ते झोंबलं. अर्ज ड्रॉवरमध्ये गेला.

खरं तर सरांना मामाशी वैर धरायला फुरसतच नव्हती. त्यांची सगळी ताकद उपप्रमुखांवर खर्च व्हायची. उपप्रमुखांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि त्यांना खिळेवाले म्हणत. खिळेवाल्यांना तीन पट्ट्या होत्या, पण त्यांनी त्या इतक्या रुंद शिवून घेतल्या होत्या की लांबून चारच वाटायच्या. सरांनी एकदा फूटपट्टी आणून त्या मोजल्या. मग महिनाभर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मलमाची बाटली हवी असली तरी तिसऱ्या माणसामार्फत निरोप जायचा.

त्या वर्षी मुख्य कचेरीतून तपासणीसाठी एक बाई येणार असं पत्र आलं. शाळेच्या मैदानावर प्रात्यक्षिक ठरलं. शिडीवरून पडलेला माणूस उचलून रुग्णवाहिकेपर्यंत न्यायचा, एवढंच करायचं होतं. पडलेला माणूस अर्थात मामा. त्याच्या गळ्यात सुतळीने एक पुठ्ठा अडकवला होता. पुठ्ठा मामानेच कापला होता, कडेला कापडी पट्टी लावून. त्यावर सरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "उजवा पाय मोडला आहे. प्रकृती गंभीर."

मामी तलावावरून अर्धी रजा काढून आली होती. मलाही बरोबर आणलं होतं. आम्ही पायऱ्यांवर बसलो. तपासनीस बाई खुर्चीवर, मांडीवर वही.

मामाने सुरुवात झकास केली. नाकातून कण्हणं इतकं आर्त होतं की मैदानापलीकडून दोन माणसं धावत आली आणि त्यांना परत पाठवावं लागलं. पाय बांधून झाला, मामाला स्ट्रेचरवर ठेवलं. आणि तिथे घोळ झाला.

पथकाच्या नियमांच्या पुस्तकात एक वाक्य होतं की ज्येष्ठ व्यक्तीने पेशंटच्या डोक्याकडे उभं राहावं. सर डोक्याकडे उभे राहिले, खिळेवाले पायांकडे. पण पेशंटला नेतात पाय पुढे करून, म्हणजे मिरवणूक निघाली की पुढे राहणार खिळेवाले आणि मागून येणार सर. हे सरांच्या तेव्हाच लक्षात आलं. त्यांनी हुकूम दिला की स्ट्रेचर फिरवा, आज डोकं पुढे. खिळेवाले म्हणाले, नियमात बसत नाही. सर म्हणाले, नियम मला शिकवू नका. तपासनीस बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. ते पाहून दोघांनाही चेव चढला. एकाने इकडे ओढलं, दुसऱ्याने तिकडे. मधे मामा, डोळे मिटून, प्रामाणिकपणे कण्हत. स्ट्रेचर कुंभाराच्या चाकासारखं दोन वेळा गोल फिरलं. तिसऱ्या वळणाला सर मागे सरकले, त्यांचा पाय औषधांच्या पेटीवर पडला आणि ते उताणे कोसळले.

कडकन आवाज आला. पाठोपाठ सर कण्हले.

सगळ्यांना वाटलं हा प्रात्यक्षिकाचाच भाग आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मान डोलावून लिहिलं, "दुसरा पेशंट. कल्पना चांगली." खिळेवाले तर म्हणाले, आता उठा, शोभतं का हे.

जमिनीला टेकलेल्या स्ट्रेचरवरून मामाने एक डोळा उघडला. क्षणभर ऐकलं. मग तो सरळ उठून बसला, पुठ्ठ्यासकट.

"अहो, हे खरं आहे," तो म्हणाला. "इतकं वाईट कुणी मुद्दाम कण्हत नाही."

मग धावपळ झाली. खिळेवाल्यांनी बाह्या सारख्या केल्या आणि जाहीर केलं की प्रमुख जायबंदी झाल्यामुळे पथकाची सूत्रं त्यांच्याकडे आली आहेत. सर जमिनीवरूनच म्हणाले, मी शुद्धीवर आहे, शुद्धीवर असेपर्यंत हुकूम माझा. आणि त्यांनी हुकूम दिला, की पाय बांधा. घाईत त्यांनी डावा पाय सांगितला. मोडला होता उजवा. खिळेवाल्यांनी शांतपणे सांगितलं की पेशंटने सूचना द्यायच्या नसतात, हा नियम सरांनीच केलेला आहे. मामाने एकदा "गाठ घट्ट होतेय" म्हटल्यावरून केला होता. सरांना तो आठवला. वेदनेने त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण खिळेवाल्यांच्या हाताखाली पेशंट व्हायची त्यांची तयारी नव्हती. त्यांची नजर भिरभिरत मामावर येऊन थांबली.

"बाइंडर," सर म्हणाले, "आत्तापासून तुम्ही उपप्रमुखांच्या वर. तोंडी हुकूम. बाई, लिहून घ्या."

बाईंनी लिहून घेतलं. खिळेवाल्यांचा चेहरा पडला. मामा मात्र पायाचं बँडेज सोडून, गळ्यातला पुठ्ठा धरून तसाच उभा राहिला, आणि आम्ही पायऱ्यांवरून पाहत होतो त्यावरून कळत होतं की त्याला काहीच सुचत नाहीये. पाय कसा बांधतात हे त्याला जगात कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. हजार वेळा त्याचा पाय बांधला गेला होता. पण ते सगळं त्याने खालून पाहिलेलं होतं, उभं राहून नाही.

मामी माझ्या कानाशी म्हणाली, "आता हे झोपणार बघ."

आणि मामा खरंच झोपला. सरांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, मातीत उताणा. डोळे मिटले, आपला उजवा पाय ताठ केला, आणि त्याला सगळं दिसायला लागलं. तो आडवा पडूनच सांगत गेला आणि खिळेवाले, दुसरा इलाज नसल्यामुळे, करत गेले. पाय हलवायचा नाही, आहे तसा धरा. दोन पायांच्या मधे मऊ घडी. चांगला पाय दुखऱ्या पायाला आणून लावा. आधी घोट्याशी, मग गुडघ्याशी. मोडलंय तिथे गाठ नको, गाठ चांगल्या पायाच्या बाजूला. घट्ट नको, पुस्तक नाही ते. मधूनच मामा स्वतःच्या पायाकडे बघून "नाही, इथे जरा टोचतंय" असं म्हणायचा, आणि खिळेवाले सरांच्या पायावरची घडी नीट करायचे. शेवटी मामाने सरांना विचारलं, बोटं हलतात का, मुंग्या येतात का? सरांनी बोटं हलवली. मामानेही हलवली.

बाईंनी वही मिटली आणि उभं राहून पाहिलं.

रुग्णवाहिकेत पुढच्या सीटवर ज्येष्ठ अधिकारी बसतो. दार उघडून ड्रायव्हर मामाकडे बघत राहिला. अठरा वर्षांत मामा त्या गाडीत शेकडो वेळा फिरला होता, पण मागे, झोपून. तो ऐटीत पुढे बसला. पहिल्याच वळणावर त्याला मळमळायला लागलं. रस्ता असा समोरून अंगावर यायची त्याला सवय नव्हती. दुसऱ्या वळणाला गाडी थांबवली आणि मामा मागे जाऊन सरांच्या समोरच्या बाकावर आडवा झाला. मामी आणि मी मागून पुढे येऊन बसलो. खिळेवाले मागे कोपऱ्यात, दोन पेशंटांच्या मधे, गुडघे पोटाशी घेऊन.

दवाखान्याच्या दाराशी दोन कर्मचारी आले. त्यांनी आत डोकावलं. एकीकडे पाय व्यवस्थित बांधलेला, मिशा सावरून गप्प पडलेला माणूस. दुसरीकडे घामाघूम, पांढराफटक, खरोखरच कण्हणारा माणूस, आणि गळ्यात पुठ्ठा, "प्रकृती गंभीर". त्यांनी मामाला उचललं आणि धावत आत नेलं. मामा सांगायचा प्रयत्न करत होता, पण तोंड उघडलं की उलटी येईल अशी भीती होती. त्याच्या उजव्या पायाचे दोन फोटो काढले. डॉक्टरांना काही सापडेना, म्हणून तिसरा काढला. तोवर सर व्हरांड्यात झोपून होते, आणि खिळेवाले येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की ही बांधणी मी केली आहे.

डॉक्टर शेवटी बाहेर आले, सरांचा पाय पाहिला आणि विचारलं, इतकं नीट कुणी बांधलं? खिळेवाल्यांनी छाती फुगवली. सर म्हणाले, "हात यांचे होते. पण पाय बाइंडरचा." डॉक्टरांना काही कळलं नाही. सरांच्या तोंडून मामाचं कौतुक निघालं ते एवढंच आणि एकदाच.

महिन्याने मुख्य कचेरीचा अहवाल आला. पथकाची शिस्त असमाधानकारक, असं पहिलं वाक्य होतं. दुसरं वाक्य, दोन्ही पेशंट उत्कृष्ट. सरांनी पहिल्या वाक्यावर बोट ठेवून दुसरं सगळ्यांना वाचून दाखवलं. पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे रविवारी त्यांना उभं राहता येत नव्हतं, म्हणून ते पेशंट म्हणून स्ट्रेचरवर झोपायला लागले, आणि बघता बघता त्यांना ते आवडायला लागलं. आपलं कण्हणं अनुभवातून आलेलं आहे, बाकीच्यांचं नुसतं ऐकीव, असं ते बोलून दाखवायचे. हे मामाच्या कानावर गेलं. त्या रविवारी तो सरांच्या स्ट्रेचरपाशी जाऊन बराच वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, सर, तुमचं छातीतून येतंय. पायाचं नाकातून यायला हवं. पुढचे दोन आठवडे मलमाची बाटली पुन्हा तिसऱ्या माणसामार्फत फिरली.

प्लास्टर निघाल्यावर सर उभे राहिले आणि मामा आपल्या जागी परत गेला. तोंडी हुकूम कुणी रद्द केला नाही, कारण रद्द करायचा तर मुख्य कचेरीला कळवावं लागलं असतं. मामीने निळ्या कापडाच्या पट्ट्या मामाच्या बाहीवर शिवल्या. उपप्रमुखांच्या वर म्हणजे चार यायला हव्यात, असा हिशेब करून तिने चार शिवल्या. सरांनी त्या पाहिल्या आणि दुसऱ्या रविवारी स्वतः पाच लावून आले. त्याच्या पुढच्या रविवारी खिळेवाल्यांच्या जुन्या तीन उतरल्या होत्या आणि त्यांच्या जागी चार नव्या, अरुंद, पण चमकणाऱ्या पट्ट्या होत्या.

मामाला मात्र त्यानंतर उजव्या हाताला कधी दुखापत झाली नाही. वर्गात हात बांधायला शिकवायचा असला तरी तो नम्रपणे सांगायचा की आज डावा मोडलाय, कारण उजव्यावर बँडेज आलं की पट्ट्या झाकल्या जायच्या. नवे शिकाऊ चार वर्षं फक्त डावाच हात बांधायला शिकले. बेशुद्ध पडला तरी मामा उजवा दंड बाहेरच्या बाजूला येईल असाच पडायचा, आणि कुणी स्ट्रेचर उचलताना चुकून तो आत दुमडला, तर शुद्ध न येताच तो हळूच बाहेर काढायचा.