सासूबाईंना पोहता येत नाही

या सदरात मी इतकी वर्षं फक्त वाचायला येते, आणि खरं सांगायचं तर थोडं हसायलासुद्धा. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या मागच्या सीटवर कुणीतरी येऊन बसतं... माझं माहेर बौद्ध, सासरही बौद्ध. आमच्याकडे नवस नाही, मुहूर्त नाही, अंगात येणं तर नाहीच नाही. त्यात माझी नोकरी डेटा तपासायची. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण आमच्याकडे व्हिडिओ आहे, बेचाळीस सेकंदांचा, आणि तो मी शंभरदा तरी पाहिला असेल.

आम्ही ओहायोत राहतो, डब्लिनला. मी, माझा नवरा नितीन आणि पंधरा वर्षांची रेवा. सासरे गेल्यावर नितीन आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, नागपूरहून इकडे घेऊन आला. आई सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात छत्तीस वर्षं नर्स होत्या. नुसत्या आवाजावर वॉर्ड चालवायच्या म्हणे. पण आमच्याकडे आल्यापासून तो आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. सकाळी वंदना म्हणायच्या, मला भाजी चिरून द्यायच्या आणि मग खिडकीशी बसायच्या. महिन्यातून एकदा तरी म्हणायच्या, "मला परत पाठव रे. तिथं निदान माझं घर आहे." नितीन म्हणायचा, "रिकाम्या घरात एकटी काय करशील?" त्यावर आई पुन्हा खिडकीकडे वळायच्या.

त्यांच्या सत्तरीला नितीनने कुणालाही न विचारता मेडिटरेनियनची क्रूझ बुक केली. आई बघतच राहिल्या. "पाण्यावर? सात दिवस?"

आईंना पाण्याची भीती आहे हे आम्हाला माहीत होतं. बाथरूममध्ये शॉवर आहे, तरी त्यांना बादली आणि मगच लागतो. रेवा शाळेच्या स्विम टीममध्ये आहे, तिच्या मीटला, म्हणजे शर्यतींना, आई येतात, पण बसतात सगळ्यात वरच्या बाकावर, दाराजवळ. एकदा मटार सोलताना मी कारण विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आमच्या खेड्यात विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते. तळ्यात म्हशी जात, आम्ही नाही. मग पोहायला शिकवणार कोण, आणि कुठं?" एवढं बोलून त्यांनी पुढची शेंग उचलली. विषय संपला.

क्रूझवर पहिले चार दिवस त्यांनी बाल्कनीचा पडदा उघडू दिला नाही. मोठी बंदरं आली, आम्ही चर्च पाहिली, पिझ्झा खाल्ला. आई सोबत आल्या, पण कर्तव्य म्हणून.

पाचव्या दिवशी जहाज इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरियात, एका लहानशा गावासमोर थांबलं. त्या गावाचं नाव आमच्या जिभेवर कधी नीट बसलंच नाही, घरी आम्ही त्याला पिवळ्या चर्चचं गाव म्हणतो. एकच गल्ली, दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये दगडगोट्यांचा छोटा किनारा. मोठ्या जहाजाला धक्काच नाही, त्यामुळे लहान बोटीतून किनाऱ्यावर जायचं. त्या बोटीत आईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला. शेवटची बोट साडेचारची होती.

सप्टेंबरातलं ऊन, कोवळं म्हणावं असं. आम्ही एका बेकरीतून गरम फोकाच्चा घेतला, जाडसर पाव, वर तेल आणि मीठ. आई खाऊन म्हणाल्या, "आपल्या भाकरीचा श्रीमंत भाऊ आहे हा." रेवा खदाखदा हसली. कित्येक महिन्यांत आईंनी केलेला तो पहिला विनोद होता.

मग आम्ही किनाऱ्यावर बसलो. समोर गावातल्या सात-आठ बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या, गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत होत्या. अगदी आपल्याकडे बायका ओट्यावर बसतात तशा. हातवारे, हसणं, मध्येच एखादी दोन हात मारून यायची आणि पुन्हा बोलायला लागायची. आई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, पाणी बघून घाबरल्या असतील.

"आई, आपण वर सावलीत बसू या का?"

त्यांनी चष्मा काढला, घडी करून माझ्या हातात दिला. बूट काढले, मोजे बुटांत नीट कोंबले, ओढणी त्यावर ठेवली. मी म्हटलं, पाय बुडवायचे असतील. मनातून खूशच झाले. त्या गोट्यांवरून सरळ चालत गेल्या. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला आलं. आणि मग पुढे वाकून, सलवार-कमीजसकट, त्या पोहायला लागल्या.

मला आधी कळलंच नाही. रेवा फोनवर चर्चचा व्हिडिओ काढत होती, तिने फोन तिकडे वळवला आणि किंचाळली, "मॉम! आजी इज स्विमिंग! लाइक, अ‍ॅक्च्युअली स्विमिंग!"

नितीन पाण्याकडे धावला. त्याला स्वतःला जेमतेम पोहता येतं. "आई! आई, थांब!" तो ओरडत होता, गोट्यांवरून घसरत होता. रेवाने फोन माझ्या अंगावर टाकला आणि कपड्यांसकट उडी मारली. मी चष्मा छातीशी धरून उभी होते.

आई एका कुशीवर पोहत होत्या. एक हात लांब पुढे, दुसरा पाण्याखालून मागे, पाय कात्रीसारखे. सावकाश, जराही न धडपडता. ऐंशी-नव्वद हातांवर नारिंगी तरंगते गोळे दोरीला बांधलेले होते, पोहणाऱ्यांनी त्यापुढे जायचं नसतं. तिकडे जाताना मध्येच त्यांनी उजवीकडे एक मोठा वळसा घेतला आणि पुन्हा सरळ झाल्या. मग दोरीला धरून आमच्याकडे वळल्या आणि हात केला. हसत होत्या. भरपूर हसत होत्या.

रेवा त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, "चल, परत जाऊ." आणि दोघी शेजारी शेजारी पोहत आल्या. पाण्यातल्या त्या बायका टाळ्या वाजवत होत्या. नितीन कमरेपर्यंतच्या पाण्यात उभा राहून रडत होता. आई त्याच्याजवळ आल्या आणि मी पहिल्यांदाच तो वॉर्डातला आवाज ऐकला, "काहून ओरडून राहिला रे? सगळं गाव बघते ना!"

फुलाफुलांची टोपी घातलेली एक बाई बाहेर आली आणि आईंना मोठ्या टॉवेलात गुंडाळलं. तिला थोडं इंग्लिश येत होतं. तिने मला विचारलं, "शी कम हिअर बिफोर? मेनी इयर्स?"

"नो, नेव्हर. फर्स्ट टाइम."

तिचा विश्वास बसला नाही. आईंनी वळसा घेतला होता त्या जागेकडे तिने बोट दाखवलं. तिथे पाण्याखाली एक मोठा खडक आहे, वरून दिसत नाही, बाहेरच्या माणसांचे गुडघे तिथे हमखास सोलतात. फक्त गावातल्यांना माहीत. "बट शी नो द स्टोन," ती म्हणाली, म्हणजे हिला तो खडक माहीत आहे. मग पुन्हा, हळू आवाजात, "शी नो द स्टोन."

आई मात्र आरामात केस पिळत होत्या.

"आई, तुम्ही पोहायला कधी शिकलात?"

"शिकले नाही गं."

"मग?"

त्यांनी जरा विचार केला. "पाणी कमरेला लागलं आणि मला आठवलं, की मला येतं."

"आणि तो खडक?"

"कोणता खडक? मी तर चष्मा तुझ्याजवळ दिला होता."

त्या बाईने घरून एक ढगळ, लिंबं छापलेला झगा आणून आईंना घातला आणि परत घ्यायला नकार दिला. साडेचारच्या बोटीत आई त्या झग्यात, अगदी कडेला बसल्या, एक हात बाहेर काढून बोटं पाण्यात बुडवून. खोलीत गेल्यावर त्यांनी स्वतः बाल्कनीचा पडदा सरकवला आणि माझ्याकडे चहा मागितला. पुढचे दोन दिवस आम्ही चौघं बाल्कनीतच जेवलो. आईंनी वॉर्डातले असे किस्से सांगितले की रेवाला हसून ठसका लागला.

परत आल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे तपास सुरू केला. आईंच्या धाकट्या बहिणीला, उमरेडच्या मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई आणि पोहणं? अगं, ती नदी दिसली तरी बसमध्ये डोळे मिटायची." रेवाच्या कोचने व्हिडिओ तीनदा पाहिला. म्हणाला, हा जुन्या पद्धतीचा स्ट्रोक आहे, आता फारसं कुणी शिकवत नाही, आणि श्वास इतका सहज जमायला वर्षं लागतात. आमचे एक डॉक्टर काका म्हणाले, खारट पाण्यात माणूस तरंगतो. मान्य. पण तरंगणारा माणूस वळसा घेत नाही... न दिसणाऱ्या खडकाला तर नाहीच.

मग एका शनिवारी आम्ही आईंना रेक सेंटरच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक क्रीडाकेंद्राच्या, पूलवर नेलं. चार फूट पाणी. आई ऐटीत उतरल्या, कुशीवर वळल्या आणि सरळ तळाला गेल्या. रेवाने ओढून काढलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नाकातोंडात पाणी गेलं. काठावर बसून त्या खोकत होत्या आणि खोकता खोकता हसत होत्या. "इथं नाही येत गं मला," म्हणाल्या. "तिथं येत होतं."

वाईट वाटलं असेल म्हणून मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तर त्या म्हणाल्या, "त्यात काय? आता शिकून घेईन."

माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. आईंना ते कुठून आठवलं, कुणाचं आठवलं, की त्या पाण्यालाच काही माहीत होतं, मला सांगता येत नाही. नागपूरला परत जायचा विषय त्यांनी पुढे ढकललाय, कारण मोठ्या माणसांचा पोहण्याचा क्लास मार्चपर्यंत आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फॉर्म भरायला आम्ही काउंटरवर उभ्या होतो. मी एकेक प्रश्न वाचून मराठीत सांगत होते. नाव, वय, औषधं. मग आलं, आधीचा पोहण्याचा अनुभव.

मी "नाही" लिहायला लागले, तर आईंनी माझा हात धरला.

"खोटं कशाला लिहितेस?" त्या म्हणाल्या. "लिही, एकदा."